पाण्यात घालायचे पातळ तळाचे जोडे : तलाव-नाल्यात उतरणाऱ्या नवख्यांसाठी

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आमच्या गावच्या तलावात शिंगाडा लागतो. काढणीत हातून सुटलेली, पिकून गळालेली फळं तळाशी जाऊन गाळात बसतात आणि त्यांचे काटे पुढच्या वर्षीही तसेच टोकदार राहतात. चार वर्षांपूर्वी आषाढात असाच एक काटा माझ्या टाचेत मोडला. मी घरीच सुईने कोरून काढला आणि विसरलो. आठ दिवसांत टाच सुजली, जांघेत अवधाण आलं, ताप चढला. आत राहिलेला तुकडा काढायला शेवटी चिरा द्यावा लागला आणि त्या वर्षीचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, माझ्याविना झाला.

त्यानंतर मी पाण्यात घालायचे जोडे वापरायला लागलो. आता जाळं ओढणारे भाऊ विचारतात, नागपूरहून सुट्टीत आलेली पोरं विचारतात, एकदोघांनी तर न विचारताच घेतले आणि चुकीचे घेतले. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी वस्तू ओळखा

दुकानात यांना वॉटर शूज किंवा ॲक्वा शूज म्हणतात. वरचा भाग जाळीच्या ताणणाऱ्या कापडाचा किंवा निओप्रीनचा, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखातल्या मऊ फुगीर रबराचा असतो. तळ रबराचा, आणि आत शिरलेलं पाणी निघून जायला भोकं. यातल्याच काहींना बेअरफूट म्हणतात. त्यांचा तळ साधारण तीन ते सहा मिलिमीटर जाडीचा, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, बोटांकडचा भाग रुंद. असा जोडा घातला की पायाखालचा खडा कळतो, पण तो कातडी फोडत नाही.

प्रत्येक वॉटर शूज असा नसतो. जाड फोमचे, पुढे निमुळते जोडेही याच नावाने विकले जातात. हातात आला की दोन गोष्टी करा : पोळीसारखा गुंडाळून पाहा, आणि ओलं फडकं पिळतो तसा पीळ देऊन पाहा. दोन्ही सहज झालं तर तो आपल्या कामाचा.

पायाच्या तब्येतीशी याचा काय संबंध, हे थोडं समजून घ्यायला हवं, कारण जाहिरातीत फार मोठमोठं लिहिलेलं असतं. एका पायात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत. तळव्यातले लहान स्नायू पायाची कमान धरून ठेवतात, आणि जमीन कळली की ते कामाला लागतात. आपल्याच देशात राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष छापला. जोडे घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के निघालं आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के. सर्वांत जास्त प्रमाण पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्यांत होतं. चप्पल-सँडलवाल्यांत त्याहून कमी. पुढे २०२१ मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं, की नेहमीचे बूट सोडून सहा महिने रोज पातळ तळाचे जोडे घालणाऱ्यांच्या पायाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात धावपटूंना दहा आठवड्यांत अशा जोड्यांवर आणलं, तेव्हा बऱ्याच जणांच्या पायाच्या हाडांत आतून सूज दिसली. आणि पाच बोटांचे जोडे बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीला २०१४ मध्ये आरोग्याच्या दाव्यांवरून झालेल्या खटल्यात ३७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड करावी लागली. फायदा खरा आहे, पण कोणाला आणि किती वेगाने, हे पायावर ठरतं.

मग आपला पाय ओळखा

जन्मभर अनवाणी किंवा साध्या चपलेत वावरलेल्या माणसाचा पाय आधीच मजबूत असतो. माझी काकू साठीची आहे. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, डोक्यावर पेंढ्या घेऊन ती जशी चालते, तसं मला जमत नाही. तिला या जोड्याने ताकद येणार नाही. तिच्या पायाचं दुखणं कातडीचं आहे : भेगा, चिखल्या, काटा, काच. तिला जोडा हवा तो कातडी राखायला. कोणी म्हणेल, तळव्याला एवढं घट्टं पडलंय, तिला खाली काय कळणार? कळतं. केनियात अनवाणी चालणाऱ्यांचे तळवे तपासून २०१९ मध्ये असं आढळलं, की घट्ट्याने कातडी जाड होते पण स्पर्श बोथट होत नाही. मात्र तेच घट्टं दोन तास पाण्यात भिजलं की मऊ पडतं, आणि एरवी न टोचणारी शिंपही मग चिरून जाते.

दुसरा पाय शाळा-नोकरीमुळे दहा-पंधरा वर्षं बुटात राहिलेला. त्याची कातडी नाजूक आणि स्नायूही आळसावलेले. अशा माणसाला हा जोडा खरंच काही देऊ शकतो, पण घाई केली तर दुखापतही तोच करून घेतो.

तिसरा पाय बधिर झालेला, आणि त्याच्याबद्दल मी अगदी कळकळीने सांगतो. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या पायात पातळ तळाचा जोडा घालू नका. काटा तळ भेदून आत गेला तरी त्या माणसाला कळत नाही, आणि संध्याकाळी जोडा काढल्यावर रक्त दिसतं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण बरा झालेल्या रुग्णाचाही पाय बधिर राहू शकतो, हे घरातली माणसंही विसरतात. अशा पायांसाठी मऊ रबराच्या खास चपला असतात. त्यांना एमसीआर चप्पल म्हणतात, आणि कुष्ठरुग्णांना त्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

साखर असेल तर जोडा घेण्याआधी घरी एवढं करून पाहा. डोळे मिटून बसा. घरच्या कोणी आपल्या बोटाचं टोक तुमच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला हलकेच टेकवायचं, एक-दोन सेकंद, न दाबता, न घासता. दोन्ही पायांची मिळून सहा ठिकाणं होतात. स्पर्श झाला की तुम्ही सांगायचं. दोन किंवा अधिक ठिकाणी कळलंच नाही, तर जोड्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना पाय दाखवा.

कोणत्या पाण्यात घालायचा

तलावाच्या काठाने जाळं ओढताना, शिंगाड्याच्या तलावात, बोडीत म्हणजे शेतातल्या लहान तळ्यात, गाढवी-चुलबंद नद्यांच्या दगड-रेतीच्या पात्रात, घाटावर कपडे धुताना, गणपती-शारदेच्या विसर्जनाला पाण्यात उतरताना घालायचाच. विसर्जनानंतरच्या तलावात तर मूर्तींच्या काड्या, खिळे, तारा असतात. आपले मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, फार जुने आहेत आणि कित्येकांचा गाळ वर्षानुवर्षं निघालेला नाही. त्या गाळात काय-काय आहे, हे पायच सांगतो.

रोवण्याला मात्र मी हा जोडा सुचवत नाही. मी दोन हंगाम प्रयत्न करून पाहिला. चिखलणी झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाय पोटरीपर्यंत जातो. जोड्याच्या भोकांतून चिखल आत भरतो, पाय वर येतो आणि जोडा खाली राहतो. घोट्याच्या वर बांधायचा उंच जोडा थोडा टिकला, पण दुपारपर्यंत आत साचलेल्या रेतीने घोटा सोलून निघाला. काकू तेव्हा म्हणाली होती, "बापू, पायाले बांधी समजते, जोड्याले नाही समजत." तिचं बरोबर आहे. रोवणाऱ्या बायांनी सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळून उतरावं, आणि वर आल्यावर पाय कोरडे करण्यावर भर द्यावा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

फवारणीला तर अजिबात नको. जाळीचं कापड औषध शोषून घेतं आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्याकडे अजूनही साध्या चपलेवर किंवा अनवाणी फवारणारे दिसतात. कोणी त्याऐवजी वॉटर शूज घालून पंप उचलू नये. फवारणीला गमबूट, आणि पँट गमबुटाच्या बाहेरून सोडलेली.

शिवारात हा जोडा टाळायचं साप हे दुसरं कारण. घोणस, मण्यार, नाग हे तिन्ही आपल्या शिवारात आहेत आणि पातळ कापड दातांना अडवत नाही. रात्री पाणी द्यायला किंवा जागलीला जाताना गमबूट, टॉर्च आणि काठी लागते.

पाणी आत शिरतं, त्यामुळे पाण्यातला रोगही आत शिरतो. उंदरा-जनावरांचं मूत मिसळलेल्या साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि त्याचे जंतू चिरांमधून, भेगांमधून शरीरात जातात. जोड्याने नवी जखम टळते, पण जुनी जखम झाकली जात नाही. पायाला उघडी जखम असेल तर गढूळ पाण्यात उतरूच नका. पाण्यात काम केल्यावर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत जबर दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं आली तर डॉक्टरांना पाण्याचं काम आवर्जून सांगा. ते न सांगितल्याने निदान लांबतं.

कोरड्या वावरातही याचं काम नाही. धुऱ्यावरची तूर कापल्यावर उरलेली धसकटं हा तळ सहज भेदतात. आणि उन्हाळ्यात, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, तीन मिलिमीटरच्या रबरातून तळवा भाजतो.

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर कोणत्याही जोड्याने ओलांडू नका.

माप घेणं

आमच्याकडे आठवडी बाजारात हे जोडे मिळत नाहीत. गोंदिया-नागपूरच्या खेळाच्या दुकानांत मिळतात, नाहीतर ऑनलाइन मागवावे लागतात. म्हणून माप घरीच नीट घ्यायचं. संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवा आणि पेन सरळ धरून रेघ ओढा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा. कित्येकांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मोजून मोठा धरा. त्यात पाच ते आठ मिलिमीटर मिळवा आणि दुकानाच्या तक्त्यात सेंटिमीटरचा रकाना पाहा, कारण सहा-सात-आठ हे नंबर प्रत्येकाचे वेगळे असतात.

रुंदी लांबीपेक्षा महत्त्वाची. अनवाणी वाढलेला पाय बोटांकडे पसरलेला असतो. कागदावरचा ठसा कापून जोड्याच्या आतल्या पट्टीवर ठेवा. करंगळीकडून कागद बाहेर येत असेल तर तो जोडा कुरूप उठवणार.

जोडवी घालणाऱ्या बायांनी हे आवर्जून पाहावं. घट्ट जोड्यात जोडवं शेजारच्या बोटात रुततं, आणि त्याखाली अडकलेली रेती कातडी घासते. पुढून रुंद जोडाच घ्या, पाण्यातून आल्यावर जोडव्याखालची जागा धुवून पुसा, आणि बोट सुजायला लागलं तर जोडवं लगेच काढा. सूज वाढल्यावर ते कापावं लागतं.

नवा जोडा आल्यावर तो घालून बादलीभर पाण्यात पाय बुडवा आणि मग अंगणात दहा मिनिटं चाला. कोरड्यात बरोबर बसलेला जोडा ओला झाल्यावर सैल पडतो का, टाच निसटते का, हे तिथेच कळतं. टाचेमागे ओढायची दोरी किंवा पट्टा असलेला चांगला. आतली पट्टी काढता आली तर फारच उत्तम, वाळवायला सोपं जातं. तळाला बारीक खाचा हव्यात. पण शेवाळलेल्या फरशीवर कोणतंही रबर घसरतं, तिथे खाचांवर विसंबू नका. माझा पहिला जोडा साडेचारशेचा होता आणि दोन पावसाळे चालला, तेव्हा नवख्याने महागाच्या मागे लागायची गरज नाही.

सवय लावणं

अनवाणी पायांना दोन-तीन दिवस पुरतात. तळाचा अंदाज आला की झालं.

बुटातून आलेल्यांनी महिना-दीड महिना धरावा. पहिला आठवडा रोज १५-२० मिनिटं, तेही अंगणात किंवा काठच्या मऊ मातीवर. पुढे दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवा. टाच आपटत चालायची बुटातली सवय इथे लगेच दुखते. पावलं लहान टाका, पाय हलका टेकवा. रोज ओट्याची कड धरून टाचा उचलून पंधरा-वीस वेळा उभं राहा, आणि जमिनीवर टाकलेला दुपट्टा पायाच्या बोटांनी जवळ ओढा. पोटरी आणि तळवा दोन-चार दिवस कसकसतील, ती मेहनतीची कळ आहे. पण पायाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, किंवा सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकताना टाचेत कळ येत असेल, तर थांबा. दोन आठवडे जाड तळाची चप्पल घाला. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

या दिवसांत धानाचं पोतं किंवा माशांची पाटी उचलून या जोड्यात चालू नका. जास्तीचं वजन त्याच लहान हाडांवर येतं.

पाण्यातून वर आल्यावर

लोक जोड्यावर पैसे खर्च करतात आणि इथे दोन मिनिटं देत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. चिखल्या जोड्याने टळत नाहीत. ओला जोडा चार तास पायात राहिला तर उलट वाढतात. दीड-दोन तासांनी बाहेर या, जोडे काढा, पाय उघडे करून वाऱ्याला बसा. घरी आल्यावर साध्या साबणाने धुवा आणि सुती फडक्याने बोटांच्या प्रत्येक बेचक्यात पुसा. करंगळीशेजारची बेचकी सगळ्यात आधी पांढरी पडते, ती पाहायला विसरू नका.

खाज सुटून कातडी पांढरी पडली, सोलली, तर ती बुरशी आहे. क्लोट्रिमाझोलसारखं साधं मलम सकाळ-संध्याकाळ लावा, आणि बरं दिसायला लागल्यावरही किमान आठवडाभर लावत राहा. दुकानदार तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब देतो, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज जाते, लोक खूश होतात, आणि बुरशी खालून पसरत राहते. ती घेऊ नका.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा या जिल्ह्यांत हत्तीपाय आहे. तो डासांमुळे होतो, जोड्याशी त्याचा संबंध नाही. पण ज्यांचा पाय सुजलेला आहे त्यांना बोटांमधल्या एका चिरेतून जंतू जाऊन थंडी-तापाचा झटका येतो आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज वाढते. अशा घरात रोज पाय धुणं आणि बेचक्या कोरड्या करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. त्यांनी तलावात उतरणं टाळावं, आणि घट्ट निओप्रीनचा जोडा तर घालूच नये.

जोडे गोड्या पाण्यात खळबळून, आतली पट्टी काढून, उलटे टांगून सावलीत वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर डिंक सुटतो आणि तळ उघडतो. रोज पाण्यात जाणाऱ्याला दोन जोड लागतात, नाहीतर पावसाळ्यात ओलाच जोडा परत पायात जातो. आणि घालण्याआधी झटकून पाहा, अंधाऱ्या ओलसर जागी विंचू बसतो.

काटा-काच लागलीच तर

वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने बराच वेळ धुवा. वर दिसणारा काटा स्वच्छ चिमट्याने सरळ ओढा. आत मोडला असेल तर कोरू नका, दवाखान्यात जा. हळद, शेण, बिब्बा काही लावू नका. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल तर पुन्हा घ्या. लाली वर चढू लागली, जांघेत गाठ आली किंवा ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. माझ्या टाचेत वाट पाहण्यानेच घोळ झाला होता.

जोडा कधी बदलायचा, हे तळ सांगतो. अंगठ्याखालच्या खाचा सपाट झाल्या, किंवा तळ उजेडाकडे धरून वाकवल्यावर चिरा दिसू लागल्या, की पाण्यासाठी तो संपला. शिवण उसवली असेल तर गावचा मोची नायलॉनच्या दोऱ्याने शिवून देतो आणि ती शिवण टिकते. तळ झिजलेला जोडा मी धान वाळवताना अंगणात वापरतो.